एक्सेलमध्ये रिव्हिजन नंबर: सेव्हची मोजणी मशीनवर सोडा, रिव्हिजन माणसाने काढावी

तुमचा प्रश्न मला असा समजला. वर्कशॉपमध्ये कोटेशन काढण्यासाठी एक कॉस्टिंग शीट आहे आणि ती तिघंजण वापरतात. गेल्या महिन्यात मटेरियलचे रेट बदलले, शीट सुधारली, तरीही एका गिऱ्हाईकाला जुन्या शीटवरून भाव गेला. म्हणून फाईलवर रिव्हिजन नंबर आणायचं ठरलं. वर्डच्या फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की ‘डिटेल्स’ टॅबमध्ये रिव्हिजन नंबर दिसतो, एक्सेलच्या फाईलला तीच जागा कोरी. अकाउंटंटकडे लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर आहे, तिथे मात्र आकडा येतो. एक्सेलमध्ये हा आकडा प्रत्येक सेव्हला आपोआप कसा वाढवायचा आणि प्रिंटवर कसा आणायचा, हे तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत डॉक्युमेंट कंट्रोलचं, म्हणजे चालू कागद कुठला आणि रद्द कुठला हे सांभाळण्याचं, काम केलंय, आणि हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. उत्तर लांब होईल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) लिहाल, आकडा वाढत राहील आणि चुकीचा भाव पुन्हा जाईल.

आधी ती जागा कोरी का, ते बघू. रिव्हिजन नंबर नावाचा खण ऑफिसच्या सगळ्या फाईलींच्या प्रॉपर्टीत असतो. वर्ड तो खण स्वतः भरतं, प्रत्येक सेव्हला एक मिळवतं. एक्सेल तो खण भरतच नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीज’च्या ‘स्टॅटिस्टिक्स’ टॅबवरही एक्सेलमध्ये तो तसाच रिकामा दिसेल. तुमची फाईल बिघडलेली नाही, सेटिंगही चुकलेलं नाही. कॅल्कची, म्हणजे लिबरऑफिसमधल्या स्प्रेडशीटची, रीत वेगळी: तिच्या ओडीएस प्रकारच्या फाईलच्या आत ‘एडिटिंग सायकल्स’ नावाची नोंद असते, नवीन फाईलला ती १ असते आणि दर सेव्हला वाढते. अकाउंटंटला दिसतो तो आकडा हाच. त्याच खिडकीत ‘रिसेट प्रॉपर्टीज’ असं बटण आहे. ते कुणी दाबलं तर आकडा परत १ होतो आणि फाईल तयार झाल्याची तारीखही आजची होते. यावरूनच कळेल की हा आकडा पुरावा म्हणून किती धरायचा.

आता खरा मुद्दा. वर्ड आणि कॅल्क जे मोजतात ती सेव्हची संख्या आहे. तुम्हाला हवी आहे ती रिव्हिजन, म्हणजे ‘आजपासून ही शीट चालू, आधीची बंद’ असा कुणीतरी घेतलेला निर्णय. सवयीने दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस दाबणारा माणूस एका दुपारीत आकडा ४० ने वाढवेल आणि शीटमध्ये एका कॉलमची रुंदी सोडून काहीच बदललेलं नसेल. उलट एखादा माणूस एकदाच सेव्ह करेल आणि त्या एका सेव्हमध्ये मशीन-अवर रेट बदललेला असेल. रेव्ह. ४६ आणि रेव्ह. ४७ मध्ये फरक काय, असं तुमच्या जोडीदाराने विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं नाही, तर तो नंबर असून नसल्यासारखा.

हे मी अनुभवावरून सांगतोय. एका कारखान्यात असताना गिऱ्हाईकाने एका बोअरचा टॉलरन्स (भोकाच्या मापात चालणारा फरक) ±०.०५ वरून ±०.०३ मिलिमीटर केला. इन्स्पेक्शन शीट कॉम्प्युटरवर त्याच दिवशी सुधारली, सेव्ह झाली, फाईलची तारीखही बदलली. पण छापलेल्या शीटवर रिव्हिजनच नव्हती. सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरच्या क्लिपबोर्डला जुना कागद होता आणि नवा कागद त्याच्यासारखाच दिसत होता. दोन दिवसांचा माल गिऱ्हाईकाच्या आवारात उभं राहून एकेक पीस मोजून वेगळा करावा लागला. मी त्या रांगेत होतो. ऑपरेटरची काहीच चूक नव्हती, हातातला कागद जुना आहे हे त्याला कळायला कागदावर काही खूणच नव्हती. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो: हातातला कागद किंवा उघडलेली फाईल बघून, कुणालाही न विचारता, ती चालू आहे की नाही हे कळतं का?

तुमच्यासाठी काय योग्य हे तीन गोष्टींवर ठरेल. फाईल एका शेअर फोल्डरमध्ये आहे की प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर? तुमच्याकडे मॅक्रो चालू देतात का? आणि शीट छापली जाते की स्क्रीनवरच वापरली जाते? हे माहीत नसताना मी जी रचना सुचवतो ती मॅक्रोशिवाय चालते. मॅक्रो नंतर वरून जोडता येतो. खालचं सगळं विंडोजवरच्या डेस्कटॉप एक्सेलसाठी आहे.

पहिलं काम, फाईलमध्ये ‘बदल नोंद’ नावाची एक शीट करा. पहिल्या ओळीत शीर्षकं: रेव्ह., तारीख, कुठे बदललं, काय आणि का, कुणी केलं, कुणी तपासलं. दर रिव्हिजनला एक ओळ. ‘काय आणि का’ मध्ये ‘रेट अपडेट’ असं लिहू नका. ‘ईएन-८ गोल बारचा रेट सप्लायरच्या नवीन कोटेशनप्रमाणे बदलला, रेट शीटमधला सी-१४ सेल’ असं लिहा. सहा महिन्यांनी तुम्हालाच उपयोगी पडेल.

आता रिव्हिजन नंबर कुठे टाइप करायचा? कुठेच नाही. मुख्य शीटवरचा रिव्हिजनचा सेल या नोंदीच्या शेवटच्या ओळीतून आपोआप उचलायचा. ‘इंडेक्स’ फंक्शनला नोंदीचा पहिला कॉलम द्या आणि ओळ क्रमांकाच्या जागी त्याच कॉलमचा ‘काउंटए’ द्या. शीर्षकासकट जितके सेल भरलेले, तितक्या क्रमांकाची ओळ शेवटची. त्याला ‘इफ’ची जोड द्या: त्याच ओळीतला ‘काय आणि का’ रिकामा असेल तर नंबरऐवजी ‘नोंद अपुरी’ दिसू दे. म्हणजे कारण लिहिल्याशिवाय नंबर वाढणारच नाही. एवढं एक केलं तरी अर्धं काम झालं.

इथे दोन बारीक खोडी आहेत. ०५ टाइप केलं की एक्सेल त्याचं ५ करतं, म्हणून नोंदीतल्या रेव्ह. कॉलमचं फॉरमॅट आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. पण मुख्य शीटवरच्या फॉर्म्युल्याच्या सेलला ‘टेक्स्ट’ लावू नका, ‘जनरल’च ठेवा, नाहीतर नंबराऐवजी अख्खा फॉर्म्युलाच अक्षरांत दिसत राहील. आणि नोंदीत मध्ये रिकामी ओळ सोडू नका. काउंटए एकाने चुकेल आणि आधीची रिव्हिजन किंवा ‘नोंद अपुरी’ दाखवेल.

दुसरं काम, हा सेल फाईलच्या प्रॉपर्टीला जोडणं. तुमचा मूळ प्रश्न इथे सुटतो आणि पुष्कळांना ही सोय माहीत नसते. तो सेल निवडा, फॉर्म्युला बारच्या डावीकडे जिथे सेलचा पत्ता दिसतो त्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘रेव्हनो’ असं नाव टाइप करून एंटर मारा. सेलला नाव मिळालं. मग फाईल, इन्फो, उजवीकडे ‘प्रॉपर्टीज’ शब्दाशेजारचा बारका बाण, ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीज’, आणि ‘कस्टम’ टॅब. तिथे प्रॉपर्टीला नाव द्या, समजा ‘डॉक रेव्ह’. ‘लिंक टू कंटेंट’ची टिक मारा. खालच्या यादीत ‘रेव्हनो’ दिसेल, ते निवडून ‘अ‍ॅड’ करा. यादीत त्या प्रॉपर्टीशेजारी साखळीचं चिन्ह आलं की झालं. फाईलमध्ये एकही नाव दिलेला सेल नसेल तर ही टिक फिकट दिसते आणि मारताच येत नाही. ‘माझ्या एक्सेलमध्ये ही सोय नाही’ म्हणणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात. इथून पुढे सेल बदलला आणि फाईल सेव्ह केली की प्रॉपर्टी बदलते.

दिशा लक्षात घ्या: सेल मूळ, प्रॉपर्टी त्याचं प्रतिबिंब. काही जण उलटं करतात, प्रॉपर्टीत नंबर ठेवतात आणि तो सेलमध्ये आणायला बघतात. एक्सेलमध्ये प्रॉपर्टी वाचणारं तयार फंक्शन नाही, ते मॅक्रोने लिहावं लागतं, आणि प्रॉपर्टी बदलली म्हणून सेलची गणना पुन्हा होत नाही. सेलमध्ये ०४ आणि प्रॉपर्टीत ०५ अशी फाईल तयार होते. नंबर नसण्यापेक्षा हे वाईट, कारण लोक त्यावर विश्वास ठेवतात.

प्रिंटचं उत्तर सोपं आहे. हेडर-फूटरमध्ये फाईलचं नाव, तारीख, पान क्रमांक यांचे तयार कोड आहेत, प्रॉपर्टीचा नाही. म्हणून फूटरच्या मागे लागू नका. शीटच्या वरच्या दोन ओळींत शीटचं नाव, रिव्हिजन आणि रिव्हिजनची तारीख ठेवा. मग ‘पेज लेआउट’मध्ये ‘प्रिंट टायटल्स’ उघडून त्या ओळी ‘रोज टु रिपीट अ‍ॅट टॉप’मध्ये द्या. प्रत्येक पानावर त्या छापल्या जातील. दुसऱ्या शीटवर बरोबरचं चिन्ह देऊन ‘रेव्हनो’ लिहिलं की तोच नंबर तिथेही येतो. फूटरमध्ये फक्त छापल्याच्या तारखेचा कोड टाका. जुना कागद पकडायला तीही उपयोगी पडते.

आता मॅक्रो. तुम्ही तो मागितलाय आणि त्याला जागा आहे, पण मी त्याच्याकडून रिव्हिजन मोजून घेत नाही. ऑल्ट-एफ ११ दाबून ‘धिसवर्कबुक’वर डबल क्लिक केलं की वरच्या दोन यादींतून ‘वर्कबुक’ आणि ‘बिफोअरसेव्ह’ निवडता येतं. त्यात लिहिलेलं दर सेव्हच्या आधी चालतं. रिकामा साचा आपोआप येतो. त्यात दोनच कामं लिहा. एक, ‘सेव्ह काउंट’ नावाची कस्टम प्रॉपर्टी असेल तर तिच्यात एक मिळवणं, नसेल तर १ देऊन तयार करणं. दोन, ‘रेव्हनो’ सेलमधला नंबर फाईलच्या ‘सब्जेक्ट’ या तयार प्रॉपर्टीत उतरवणं. हे दुसरं काम कशासाठी? कस्टम प्रॉपर्टी विंडोजच्या फोल्डरच्या यादीत दिसत नाही, ‘सब्जेक्ट’चा कॉलम मात्र लावता येतो. फाईल न उघडता फोल्डरमध्येच रेव्ह. ०५ दिसते. तयार प्रॉपर्टीला सेल जोडण्याची सोय नाही, म्हणून इथे मॅक्रो लागतो. तो एखाद्या दिवशी चालला नाही तरी फाईलच्या आतला नंबर बरोबरच राहतो. मॅक्रो असा असावा, न चालल्याने मोडत काही नाही.

वर्डसारखा तोच तयार रिव्हिजन नंबरचा खण मॅक्रोने भरता येतो का? येतो. मी भरत नाही, कारण वर्डमध्ये त्याचा अर्थ सेव्हची संख्या आहे आणि तुमच्याकडे तो ड्रॉइंगची रिव्हिजन म्हणून वाचला जाईल. एकाच नावाचे दोन अर्थ एका फोल्डरमध्ये नकोत.

सेव्हची मोजणीही काटेकोर समजू नका. ‘सेव्ह अ‍ॅज’ची खिडकी उघडून कुणी रद्द केली तरी बिफोअरसेव्ह आधीच चालून गेलेलं असतं आणि आकडा वाढलेला असतो. एक्सेल २०१० पासून ‘आफ्टरसेव्ह’ आहे, ते सेव्ह झालं की नाही हे सांगतं. पण तिथे आकडा वाढवला तर तो बदलच सेव्ह व्हायचा राहतो. आणि फाईल वनड्राइव्हवर असून ऑटोसेव्ह चालू असेल तर एक्सेल स्वतःच पुनःपुन्हा सेव्ह करतं आणि बिफोअरसेव्ह तितक्या वेळा चालतं. प्रत्येक सेव्हला रिव्हिजन वाढवायचा तुमचा मूळ विचार तिथे कोलमडतो. तुम्ही जेवायला जाल आणि परत येईपर्यंत शीटची रिव्हिजन कुठल्या कुठे गेलेली असेल.

मॅक्रोची फाईल एक्सएलएसएम म्हणूनच ठेवावी लागते. एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह केली तर मॅक्रो गळून पडतो. शिवाय २०२२ पासून इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फाईलमधले मॅक्रो ऑफिस मुळातच अडवतं. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ची टिक मारेपर्यंत ते चालत नाहीत. तुमच्या तिघांपैकी कुणी फाईल मेलने घेत असेल तर त्याच्याकडे मोजणी थांबलेली असेल आणि त्याला पत्ताही नसेल.

आणखी दोन ठिकाणी मी लोकांना फसताना पाहिलंय. एक म्हणजे ‘सेव्ह अ‍ॅज’. एका गिऱ्हाईकाची शीट कॉपी करून दुसऱ्यासाठी वापरली की जुनी नोंद आणि जुन्या प्रॉपर्टी तशाच्या तशा नव्या फाईलमध्ये येतात. नवीन गिऱ्हाईकाची पहिलीच शीट रेव्ह. ०७ म्हणून निघते. त्यासाठी नोंद कोरी असलेलं एक टेम्प्लेट वेगळं ठेवा आणि प्रत्येक नवीन काम त्यातूनच सुरू करा. दुसरं, ‘डॉक्युमेंट इन्स्पेक्टर’. बाहेर फाईल पाठवण्याआधी नावं-गावं पुसायला तो चांगला आहे, पण तो कस्टम प्रॉपर्टीही पुसतो. चालवायचाच तर कॉपीवर चालवा. खरं तर कॉस्टिंगची एक्सेल फाईल गिऱ्हाईकाला जाऊच नये. त्याला पीडीएफ पाठवा, तिच्या नावात रिव्हिजन घाला, आणि ती पीडीएफ ‘पाठवलेली’ अशा फोल्डरमध्ये ठेवून द्या. भाव कुठल्या रिव्हिजनवरून गेला याचा तोच पुरावा.

कधी वाद झाला आणि फाईलच्या आत काय आहे ते बघायचं असेल तर तेही अवघड नाही. फाईलची कॉपी करा, एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. ‘डॉकप्रॉप्स’ फोल्डरमध्ये ‘कोअर’, ‘अ‍ॅप’ आणि कस्टम प्रॉपर्टी असतील तर ‘कस्टम’ अशा फाईली दिसतील. नोटपॅडमध्ये वाचता येतात. कोअरमध्ये शेवटचं सेव्ह कुणी केलं आणि केव्हा हे असतं. तिथली वेळ आपली नसते. ०५:१२ आणि शेवटी झेड हे अक्षर दिसलं तर ती जागतिक प्रमाणवेळ, आपल्याकडे तेव्हा सकाळचे १०:४२ वाजले होते. साडेपाच तास मिळवायला विसरून ‘पहाटे पाचला कुणी फाईल उघडली’ अशी चौकशी सुरू झालेली मी पाहिली आहे.

तुम्ही आयएसओची, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची, तयारी करताय असंही लिहिलंय, म्हणून सांगतो. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.५.३ मध्ये दस्तऐवजांच्या बदलांवर नियंत्रण मागितलंय आणि आवृत्ती सांभाळणं हे त्याचं उदाहरण म्हणून दिलंय. नंबर आपोआप वाढावा किंवा प्रॉपर्टीतच असावा असं तिथे कुठेही नाही. माझ्या अनुभवात ऑडिटर साधं काम करतो: मशीनवरचा कागद उचलतो, त्यावरची रिव्हिजन मास्टर लिस्टशी (चालू रिव्हिजनच्या यादीशी) ताडून बघतो, आणि शेवटचा बदल कुणी मंजूर केला ते विचारतो. ‘बदल नोंद’ शीट त्याला थेट उत्तर देते.

एक गोष्ट मात्र यातल्या कशानेही सुटत नाही आणि ती तुम्हाला स्पष्ट सांगायला हवी. तिघांकडे तीन कॉपी असतील तर तिघंही प्रामाणिकपणे ०५ ची ०६ करतील आणि तीन वेगवेगळ्या रेव्ह. ०६ फिरू लागतील. फाईलच्या आतला नंबर फक्त त्या फाईलपुरतं बोलतो, बाहेर दुसरी कॉपी आहे हे त्याला कळत नाही. गेल्या महिन्यात तुमचा भाव चुकला तो याच कारणाने, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. म्हणून फाईल एकाच जागी ठेवा आणि रिव्हिजन काढण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या. बाकीच्या दोघांना त्या फोल्डरवर फक्त वाचण्याची परवानगी असू दे. रेट बदलायचा असेल तर त्यांनी त्या माणसाला सांगावं. तिघांनाही बदल करायचेच असतील तर वनड्राइव्ह किंवा गूगल शीट्सवर एकच फाईल ठेवा. तिथे व्हर्जन हिस्टरी आपोआप राहते, आणि गूगल शीट्समध्ये ठरावीक टप्प्याला ‘रेव्ह. ०६’ असं नाव देता येतं. म्हणजे सेव्ह मोजण्याचं काम मशीन करेल आणि नाव देण्याचं काम माणूस. पण ‘बदल नोंद’ तिथेही ठेवा. हिस्टरी काय बदललं ते दाखवते, का बदललं ते दाखवत नाही.

सुरुवात उद्याच करता येईल. आज बरोबर असलेली शीट कुठली, हे तिघांनी एकत्र बसून ठरवा, रेट एकदा सप्लायरच्या कागदांशी ताडून बघा आणि तिला रेव्ह. ०० द्या. नोंदीची पहिली ओळ ‘प्रथम इश्यू’ अशी लिहा. मग बाकीच्या दोघांच्या डेस्कटॉपवरच्या, पेन ड्राइव्हवरच्या आणि मेलमधल्या कॉपी त्यांच्यासमोरच शोधा आणि ‘रद्द’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. छापलेले कागद असतील तर तेही गोळा करा. याला एक सकाळ जाते, आणि हे केल्याशिवाय नंबर लावायला घेऊ नका.